मलकापूरचे डावखुरे पैलवान

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. ते म्हणाले, "सर, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत. काहीतरी गमतीदार लिहा की." गमतीदार म्हणजे चकलीच्या ताटाशेजारी उघडून ठेवता येईल असं, एवढं मला कळतं. थोड्या गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. मग जे सांगायचंय ते गमतीचं नाही. ते छापून यावं म्हणूनच मी हो म्हणालो.

कोल्हापुरात तत्त्वज्ञानाच्या मास्तराला काय किंमत असते, हे विचारू नका. एक पालक कागलहून आले आणि म्हणाले, तर्कशास्त्र म्हंजे पत्रिका बघायचं व्हय? मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मुलं हा विषय घ्यायची ती मार्कांसाठी. खऱ्या-खोट्याचे तक्ते बरोबर मांडले की गणितासारखे पैकीच्या पैकी पडतात, ही बातमी वरच्या वर्गातून खालच्या वर्गात पोचायची. त्यामुळं पहिल्या वर्षाला माझा वर्ग भरलेला, आणि शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान घेणारी मोजून चार डोकी. त्यातलं एक खोकला झाला म्हणून यायचं नाही.

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका मित्रानं मला उत्क्रांतीवरून मनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या काही लेखांच्या झेरॉक्स पाठवल्या आणि माझं डोकंच फिरलं. तोवर मी शिकवत होतो की माणूस हा विचार करणारा प्राणी, बुद्धी हा त्याचा विशेष, वगैरे. हे नवे लोक वेगळंच विचारत होते. बुद्धी आली कशी? कुठल्या कामासाठी आली? ते म्हणत, आपलं डोकं सत्य शोधायला घडलेलंच नाही. जगायला घडलंय. गवत हललं की वाघ आहे असं मानून जो पळाला तो वाचला, आणि आपण त्याची पोरं. वारा असेल, आधी बघू, असं म्हणणाऱ्याचा वंश राहिला नाही. म्हणून आजही आपल्याला कावळा बसला आणि फांदी तुटली की कावळ्यानंच तोडली असं वाटतं. ज्ञान म्हणजे काय, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं कसं, असले प्रश्न मी मारे फळा भरून शिकवायचो. त्यांच्याकडं असं खालून, मातीतून बघता येतं हे मला माहीतच नव्हतं. मी हरखून गेलो.

त्यात चार कार्डांचा एक खेळ होता. तो आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. टेबलावर चार कार्डं. दिसणाऱ्या बाजूला अ, क, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला अ असेल तर मागे ४ असलाच पाहिजे. नियम पाळलाय का हे बघायला कुठली कार्डं उलटाल? बहुतेक सगळे म्हणतात, अ आणि ४. चूक. ४ च्या मागं काहीही असलं तरी नियम मोडत नाही. अ बरोबर, पण त्याच्या जोडीला उलटायचं ते ७. त्याच्या मागं अ निघाला तर नियम गेला. आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारं कार्ड माणूस पटकन उलटतो. आपल्याला खोटं पाडेल ते कार्ड तसंच पडून राहतं.

आता हाच खेळ मी आमच्या गल्लीतल्या तालमीत केला. नियम असा की जो तालमीचं दूध प्यायला त्यानं जोर काढलेले पाहिजेत. चार कार्डं म्हणजे चार पोरं. एक दूध प्यायलेला, एक न प्यायलेला, एकानं जोर काढलेले, एकानं नाही काढलेले. कुणाकुणाला धरून विचारायचं? वस्ताद चौथी नापास. त्यांनी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सांगितलं, जो दूध प्यायला त्याला आणि ज्यानं जोर काढले न्हाईत त्याला. बाकीच्यांशी काय देणं? उत्तर शंभर टक्के बरोबर. गणित तेच, पण लबाडी पकडायची म्हटलं की अडाणी माणसाचंही डोकं विजेसारखं चालतं. नव्या लोकांचं म्हणणं हेच. टोळीत राहायचं तर फुकट्याला ओळखता आलं पाहिजे, म्हणून आपल्या डोक्यात त्याचं वेगळं यंत्रच बसवलेलं आहे. मला हे इतकं आवडलं की मी गावोगावी त्यावर भाषणं देत सुटलो. कुणी बोलावलं की निघालो पिशवीत कार्डं टाकून.

वर्गात अक्षर-आकड्यांचा खेळ केला तेव्हा अख्ख्या पहिल्या वर्षात एकाच मुलानं अ आणि ७ सांगितलं. मागच्या बाकावरचा, धम्मपाल सिद्राम शिंगे. कागल तालुक्यातला, बौद्ध कुटुंबातला, वडील दुसऱ्याच्या उसात मजुरी करायचे. हा मागासवर्गीय वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीवर शिकत होता. मी विचारलं, का रे ७? तो उभा राहून म्हणाला, "सर, सात उलटल्याबिगर कसं कळंल?" पुढं काही नाही. बसला. मी त्याला शाबास म्हणालो आणि विसरून गेलो.

त्या काळी पहिल्या वर्षाची परीक्षा आमचं कॉलेजच घ्यायचं. पेपर मी काढला होता. गठ्ठे दोन केले आणि बाहेरच्या दोन तपासनिसांना दिले. त्यातल्या एकानं दोन उत्तरपत्रिका लाल खूण करून परत पाठवल्या. एक धम्मपालची, दुसरी त्याच्या पुढच्या बाकावर बसलेल्या मुलाची. त्या मुलाचं नाव लिहीत नाही, त्यानंही काही केलेलं नव्हतं. तो संस्थेच्या एका सभासदाचा पुतण्या होता, एवढं मात्र लिहायला हवं.

प्रश्न होता, काकतालीय दोष उदाहरणासह स्पष्ट करा. म्हणजे तेच, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मांजर आडवं गेलं, मग एस.टी. चुकली, म्हणून मांजरामुळं चुकली, असं काहीतरी लिहायचं. या दोघांनी लिहिलं होतं, "मलकापूरचे तीन पैलवान डावखुरे निघाले, म्हणून मलकापूरचे सगळे पैलवान डावखुरे." हे उदाहरण भलत्याच दोषाचं. दोन-चार गोष्टी बघून सगळ्यांबद्दल बोलायचं, त्या घाईच्या निष्कर्षाचं. चूक एक, गाव एक, पैलवान तीन आणि तिन्ही डावखुरे. दोन वेगळ्या डोक्यांत हे आपोआप येणं शक्य नव्हतं.

गैरप्रकारांची चौकशी करायला कॉलेजची तिघांची समिती असायची. उपप्राचार्य अध्यक्ष, एक इंग्रजीचे प्राध्यापक आणि मी. मला घेतलं होतं तर्कशास्त्राचा माणूस म्हणून. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. उपप्राचार्यांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. आमच्यासमोर प्रश्न आला तो कॉपी झाली का असा आलाच नाही. कुणी केली, असाच आला. आणि तो आम्ही खुर्चीत बसायच्या आत सोडवला. मागं बसणारा पुढच्याचं बघतो. पुढचा मागं वळून कशाला बघेल?

मी एवढ्यावर थांबलो नाही. उपप्राचार्यांनी मला विचारलं, हे उदाहरण तुम्ही वर्गात दिलं होतं का? मी ठामपणे सांगितलं की मी हे उदाहरण कधी दिलेलं नाही. घाईच्या निष्कर्षासाठी माझं उदाहरण ठरलेलं, पाटीतले तीन आंबे आंबट निघाले म्हणून पाटी आंबट. वर्षानुवर्षं तेच. मलकापूरचा आणि माझा संबंधच काय?

हे मी बोललो तेव्हा धम्मपालनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मला तो उद्धटपणा वाटला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सर, बाकीच्यांचे पेपर काढून बघा की."

उपप्राचार्य म्हणाले, आता दुसऱ्यांची नावं पुढं करून सुटायला बघतोय. इंग्रजीचे प्राध्यापक हसले. मीही हसलो. पुढच्या बाकावरच्या मुलाला आम्ही एकच विचारलं, याला पेपर दाखवलास का? तो न्हाय म्हणाला, त्याला जायला सांगितलं. बाकीच्या सगळ्या उत्तरपत्रिका माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात होत्या. वळून हात लांब केला असता तर कडी हाताला लागली असती.

अहवाल मी लिहिला. मुद्देसूद, दोन पानी. धम्मपालची परीक्षा रद्द, आणि पुढचं एक वर्ष बसायला बंदी. शिष्यवृत्ती आपोआप थांबली आणि वसतिगृहातली जागा गेली.

आठ दिवसांनी त्याचे वडील आले. सिद्राम शिंगे. डोक्याला पटका, हातात चप्पल, स्टाफरूमच्या दाराबाहेर उभे. मी आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, पोरगं खोटं बोलत न्हाय सर, ल्हानपनापासनं न्हाय. मी त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मी जातपात मानत नाही, हे त्यांना दिसावं असंही मनात असणार. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कागदावर दोन बाकं काढली. पैलवान सांगितले. एकच चूक दोघांच्या डोक्यात येत नसते, हे त्यांच्या भाषेत सांगितलं. दोघांच्या उसाला एकाच जागी एकच किडलेलं पेर निघालं तर बेणं एकच असणार ना, असं विचारलं. बेणं म्हणजे लावायला घेतलेला मूळ ऊस. ते ऐकत गेले. शेवटी म्हणाले, व्हय, बेणं एकच आसनार. चहा तसाच ठेवून उठले. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. एका अडाणी माणसाला तर्क पटवून देता आला याचं समाधान वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

मधे बारा-तेरा वर्षं गेली. मी भाषणं देतच होतो.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा मी एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं, मुलांसाठी, सोपं. जुन्या विद्यार्थ्यांना म्हटलं, कुणाकडं माझ्या तासांच्या वह्या असतील तर द्या, मी काय काय उदाहरणं द्यायचो ते मलाच आठवत नाही. सुशीला म्हणून एक विद्यार्थिनी होती, आता मलकापूरला शाळेत शिकवते. ती एका रविवारी वही घेऊन घरी आली. चहा घेता घेता हसत म्हणाली, सर, तुम्ही आमच्या गावाची केवढी चेष्टा केली होती, बघा. वहीत खूण घालून आणली होती.

गोल, नीटनेटकं अक्षर. वर तारीख, धम्मपालच्याच वर्षाची, आणि "जादा तास" असं लिहिलेलं. खाली शीर्षक, काकतालीय दोष. त्याखाली मलकापूरचे तीन डावखुरे पैलवान. आणि समासात पेन्सिलीनं, "सर मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणाले."

मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग एकदम सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, वही वाचल्यावर डोक्यानं रचून दिलं असेल, आता मी माझ्या आठवणीची हमी देत नाही. सुट्टीचा दिवस होता, आठ-नऊच मुलं आली होती. संध्याकाळी व्याख्यानमालेत माझं भाषण होतं, त्याचे कागद टेबलावर पसरलेले. मी मुलांना टिपणं सांगत होतो आणि डोळे त्या कागदांवर. दोन दोषांची सरमिसळ झाली. सुशीला समोर दिसली म्हणून आंब्यांच्या जागी मलकापूर आलं. भाषणाचा विषय होता, माणूस लबाडी कशी पकडतो.

सुशीलाला मी विचारलं, परीक्षेतही हेच लिहिलं होतंस? तिनं मान हलवली. म्हणाली, जादा तासाला होतो त्या सगळ्यांनी तेच लिहिलं असणार, तुम्हीच सांगितलं होतं ना. तिचा पेपर दुसऱ्या गठ्ठ्यात गेला होता, उरलेल्यांचेही तिकडंच गेले असणार. तिथल्या तपासनिसानं मुकाट फुली मारून पुढचं पान उलटलं असणार. धम्मपालला कॉपीत धरलं एवढंच तिच्या कानावर आलं होतं, कशावरून ते आम्ही बाकीच्या मुलांना सांगितलंच नव्हतं. माझ्यामागच्या कपाटात तसेच आणखी सहा-सात पेपर होते. त्यातला एक जरी काढला असता तरी पोरगं वाचलं असतं. सातचं कार्ड. आणि ते उलटा म्हणून सांगणारा तोच होता, ज्याला ते वर्गात एकट्याला कळलं होतं.

धम्मपालचा पत्ता काढायला मला दोन महिने लागले. म्हणजे पत्ता आठ दिवसांत मिळाला होता, उरलेले दिवस मी हिंमत गोळा करण्यात घालवले. तो इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करायचा, बारा तासांची पाळी. भर दुपारी गेलो. आत मागांचा असा खडखडाट की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. त्यानं मला लगेच ओळखलं. नमस्कार केला नाही, हात पुसत बाहेर आला. कानांचं काम झालंय, मोठ्यानं बोला म्हणाला. त्यामुळं माझा कबुलीजबाब मला रस्त्यावर उभं राहून ओरडून द्यावा लागला. चहाच्या गाड्यावरची चार माणसं बघत होती.

सुशीलाची वही त्याच्या हातात दिली. त्यानं पान वाचलं आणि परत दिली. म्हणाला, "ठावं हाय की. मी बी हुतो त्या तासाला."

मी म्हटलं, मग तेव्हा सांगितलं का नाहीस?

"तुमी समद्यांसमोर सांगितलासा, मी कदीच दिलं न्हाय. मग सर खोटं बोलत्यात म्हणू का तितं? ज्यानं शिकवलं त्याच्या तोंडावर? म्हणून म्हटलं पेपर काढा. तुमचं नाव न घेता सुटंल वाटलं."

मी सांगायचा प्रयत्न केला की मी खोटं बोललो नव्हतो, मी खरोखर विसरलो होतो. डोकं अशा गोष्टी पुसून टाकतं, स्वतःला सोयीचं तेवढं ठेवतं, याच्यावर शास्त्र आहे, असंही काहीतरी बोललो. रस्त्यावर, ओरडून. तो माझ्याकडं बघत राहिला, त्या दिवशी खोलीत बघितलं होतं तसाच. मग म्हणाला, "म्हंजे तुमी लबाड नव्हतासा."

मी म्हटलं, नव्हतो. त्याला हे ऐकून बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

तो म्हणाला, "इतकी वर्सं मी तुमाला लबाड धरून चाललो. स्वतःचं झाकाय माझा बळी दिला, आसं. त्याच्यावर तग धरली मी. आता तुमी म्हंतासा, ध्यानातच नव्हतं. म्हंजे माझं वाटोळं झालं ते कुणी केलं बी न्हाय?"

त्याच्याही डोक्यानं लबाड शोधून काढला होता, आणि तोही चुकीचाच निघाला. हे मला तिथंच सुचलं आणि सुचल्याबद्दल माझीच शिसारी आली.

मग त्यानं वडिलांचं सांगितलं, शांतपणे, कपाळाचा घाम पुसत. बा तुमच्याकडं आलता तवर माझ्या बाजूनं हुता, म्हणाला. परत आला आणि जेवताना म्हणाला, सरांनी नीट समजावून सांगितलं, बेणं एकच हाय. तू क्येलास. त्यानंतर वडील त्याच्याशी कामापुरतं बोलले. शिक म्हणाले नाहीत, बंदी संपल्यावरही नाही. चार वर्षांनी वारले. नापास झाला असता तरी चाललं असतं, चोरी केली हे त्यांना सोसलं नाही.

मी विचारलं, मी आता काय करू? कॉलेजला लेखी दिलं होतं मी, हे त्याला सांगितलं. नव्या प्राचार्यांनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं होतं. जुनी कागदपत्रं रद्दीत गेल्यामुळं दुरुस्त करायला काही शिल्लक नाही, असं म्हणाले होते. धम्मपाल म्हणाला, कॉलेजचं मला काय करायचंय? आई हाय अजून. तीही बाचंच खरं धरून बसली आहे, तोंडानं बोलत नाही एवढंच. छापून आणा, म्हणाला. छापलेलं आसलं की तिला खरं वाटतंय. मी वाचून दाखवीन. जाताना मागं वळून एवढंच बोलला, जड शब्द घालू नका, तिला कळलं पाहिजे. आत मागांचा आवाज चालूच होता, तो त्यात गेला.

म्हणून संपादकांना हो म्हटलं. वर जे लिहिलं ते वाचकांसाठी. आता खालचं तेवढं तिच्यासाठी.

तानूबाई आक्का, तुमच्या पोरानं चोरी केली नाही. ते चुकीचं उत्तर मीच त्याला शिकवलं होतं आणि मीच विसरलो. त्यानं पेपर काढून बघा म्हटलं, मी बघितले नाहीत. मग तुमचे मालक आले, त्यांच्यासाठी मी चहा मागवला आणि पोरगं खोटारडं आहे असं पटवून दिलं. त्यांनी माझा चहा घेतला नव्हता. पोरावर विश्वास ठेवून ते माझ्या दारात आले होते आणि मी तो काढून घेतला. बेणं एकच होतं आक्का, ते माझं होतं.